अंधारखोली आणि हलती चित्रं : नागपुरात सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला ज्युनियर मुलं विचारतात, वर्गातले मित्र विचारतात, शेजारच्या काकू विचारतात आणि आमचे बाबा तर रोज विचारतात. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. मी अजून शिकतेच आहे, त्यामुळे पुढचं सगळं एका विद्यार्थिनीचं बोलणं समजा. मोठ्या उस्तादांना यात नवीन काही सापडणार नाही.

ताई, तू नेमकं करतेस काय?

दोन कामं. एक म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्वतः धुणं आणि त्यांचे प्रिंट काढणं. दुसरं म्हणजे हाताने केलेलं अ‍ॅनिमेशन: कागदावर, कापलेल्या आकृत्यांनी, वस्तू इंचइंच सरकवून, कधी थेट फिल्मच्या पट्टीवर ओरखडून. लोकांना हे दोन वेगळे छंद वाटतात. मला वाटत नाहीत. दोन्हीकडे उजेड किती आणि वेळ किती हेच मोजत बसायचं असतं, आणि दोन्हीकडे एकेक फ्रेम हातातून जाते.

सुरुवात कधी करावी?

नागपुरात याचं उत्तर हवामान देतं, म्हणून हा प्रश्न वर घेतला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डार्करूम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फोटो धुणं, कारण नळाचं पाणी तेव्हा आपोआप कामाच्या तापमानाला असतं. मार्चपासून मृग लागेपर्यंत सायनोटाइप, म्हणजे उन्हावर होणारे निळे प्रिंट. पावसाळ्यात ऊन भरवशाचं नसतं आणि प्रिंट वाळता वाळत नाहीत, तेव्हा घरात बसून अ‍ॅनिमेशन. पुण्या-मुंबईच्या मुलांनी लिहिलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, २३ मे २०१३ ला तर ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत टाकीतून येणाऱ्या पाण्यात फिल्म धुणं म्हणजे तिची भाजी करणं.

माझ्याकडे कॅमेरा नाही. चालेल?

उत्तम चालेल. पहिले काही आठवडे कॅमेरा नसलेलाच बरा. फोटोचा कागद घ्या (उजेड कळणारा, डार्करूमचा; प्रिंटरचा नव्हे), अंधारात त्यावर वस्तू ठेवा, क्षणभर उजेड दाखवा, कागद रसायनातून काढा. जिथे वस्तू होती तिथे पांढरं, जिथे उजेड पडला तिथे काळं. याला फोटोग्राम म्हणतात. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, इंग्लंडचा टॅलबॉट, त्याने १८३० च्या दशकात पानं आणि लेस ठेवून हेच केलं होतं.

काचेच्या बांगड्या, कडुलिंबाची डहाळी, पतंगाचा मांजा, चहाची गाळणी, जुन्या घड्याळाची चाकं, काहीही चालतं. अर्धपारदर्शक वस्तू जास्त मजेशीर. संत्र्याची फोड वरची पातळ साल सोलून काचेवर ठेवा आणि काच कागदावर ठेवा. आतल्या रसाच्या पिशव्या एकेक सुट्या दिसतात, बिया पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. फोड थेट कागदावर मात्र ठेवू नका, रस लागला की तिथे डाग पडलाच.

डार्करूम कुठे करायची? आमच्याकडे जादा खोली नाही.

कोणाकडेच नसते. बाथरूम घ्या. पाणी आहे, निचरा आहे आणि खिडकी बहुतेक एकच असते. खिडकीला आतून काळं जाड प्लास्टिक किंवा दुहेरी पुठ्ठा लावा. दाराच्या फटीला जुनी चादर गुंडाळी करून सारा. वरच्या झरोक्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि उजेड तिथूनच येतो.

मग दिवे बंद करून पाच-सात मिनिटं आत नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावले की फटी आपोआप दिसू लागतात: कडीजवळ, स्विचबोर्डमागे, एक्झॉस्टच्या पात्यांमध्ये. हात डोळ्यांसमोर धरून हलवला आणि दिसला, तर फिल्मसाठी खोली तयार नाही. प्रिंटच्या कागदासाठी थोडं ढिलं चालतं. रात्री काम केलंत तर निम्मी झंझट वाचते.

रसायनांचे ट्रे कोरड्या जागेकडून ओल्या जागेकडे ओळीने मांडा आणि कागदाचं पाकीट व ओले हात एकमेकांपासून लांब ठेवा. एक्झॉस्ट किंवा झरोका असा झाका की उजेड अडेल पण हवा खेळेल. ओल्या हातांनी स्विचला हात लावायचा नाही, हे आईने सांगितलेलं असतंच. इथे ते खरोखर पाळा.

लाल दिवाच का?

साध्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या कागदाला निळा आणि हिरवा उजेड कळतो, लाल कळत नाही. म्हणून लाल दिव्यात आपण सगळं बघत काम करू शकतो. कॅमेऱ्यात घालायच्या नेहमीच्या फिल्मला मात्र सगळे रंग कळतात. ती लाल दिव्यातसुद्धा खराब होते, तिला पूर्ण काळोखच लागतो. सिनेमात हिरो लाल दिव्याखाली रोल उलगडून बघताना दाखवतात, ते सोडून द्या.

सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात 'झिरोचा लाल बल्ब' मागितला की काहीतरी मिळतं, पण रंग लावलेल्या जुन्या तारेच्या बल्बमधून पांढरा उजेड झिरपतो. लाल एलईडी जास्त भरवशाचा. तरी तपासणी करूनच घ्या. अंधारात कागदाचा तुकडा ठेवा, त्यावर एक रुपयाचं नाणं, लाल दिवा लावून पाच मिनिटं थांबा आणि मग कागद डेव्हलप करा, म्हणजे रसायनात घालून चित्र उमटवा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला किंवा दूर न्या.

कोणती रसायनं लागतात?

तीन. डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर. फिक्सरला जुने स्टुडिओवाले आजही हायपोच म्हणतात.

डेव्हलपर उजेड लागलेल्या चांदीच्या क्षारांची धातूची काळी चांदी करतो. स्टॉप बाथ म्हणजे पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, ते डेव्हलपरचं काम जागच्या जागी थांबवतं. साधं पांढरं व्हिनेगर पाणी घालून पातळ केलं तरी भागतं. हायपो उरलेले, उजेड न लागलेले क्षार विरघळवून टाकतो, म्हणजे पुढे दिव्याखाली धरलं तरी चित्र काळं पडत नाही. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्ये शोधलं. फोटोग्राफी जन्माला यायच्या आधीच तिचं निम्मं औषध तयार होतं म्हणा ना.

फिल्मसाठी जुना आणि स्वस्त डेव्हलपर म्हणजे डी-७६. कोडॅकने तो १९२७ मध्ये आणला आणि त्याचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं. सगळं सल्फाइट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळायलाच मागत नाही. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. प्रिंटसाठी कागदाचा वेगळा डेव्हलपर तयार मिळतो, तो घ्या.

हायपोचे खडे कोमट पाण्यात टाका. खडे विरघळताना पाण्यातली उष्णता शोषतात आणि भांडं हाताला गार लागतं. आमच्या घरच्या प्रेक्षकांना सगळ्यात जास्त आवडलेला प्रयोग हाच.

उन्हाळ्यात फिल्म धुवायचीच असेल तर?

डेव्हलपिंगचे सगळे तक्ते २० अंश सेल्सिअस धरून केलेले असतात. पाणी गरम झालं की रसायन जोरात काम करतं आणि वेळ कमी करावा लागतो. २० अंशांना आठ मिनिटं लागत असतील तर २४ अंशांना साधारण साडेपाच. त्याहून वर गेलात तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि फिल्म एकसारखी होत नाही, आकाशात पट्टे येतात. फार गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, बोट लागलं तरी ओरखडा. एका गरम द्रावणातून एकदम गार पाण्यात टाकलं तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात, सगळ्या फोटोवर तडकलेल्या चिखलासारखी जाळी दिसते.

उपाय नागपूरच्या प्रत्येक घरात घरघरत असतो. कूलरच्या टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं जास्त. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असताना टाकीतलं पाणी पंचविशीच्या आसपास येऊ शकतं. कूलर तासभर चालू द्या, मग बंद करून प्लग काढा, टाकीतलं पाणी बादलीत घ्या आणि त्यात डेव्हलपर, स्टॉप, हायपो आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या अर्धा तास बुडवून ठेवा. माठातलं पाणी भर म्हणून चालतं. बर्फ वापरायचा तर बाहेरच्या बादलीत, डेव्हलपरमध्ये नाही. थर्मामीटर मात्र घ्याच. यात एकच वस्तू पैसे देऊन घ्यायची झाली तर मी तो घेईन, लेन्स नंतर. आणि चारही बाटल्या एकाच तापमानाला आल्याशिवाय टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या बंद डब्यात, काही ओतू नका.

धुतलेली फिल्म कूलरसमोर वाळत घालू नका. वाळ्यातली धूळ ओल्या जिलेटिनवर बसली की ती कायमची बसली. दार-खिडकी बंद, पंखा बंद, बाथरूममध्येच दोरीवर, खाली कपड्याचा चिमटा. शेवटची विसळणी आरओच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून केली की पांढरे डाग पडत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये ही युक्ती चालत नाही. हवेतच पाणी भरलेलं असतं, कूलर नुसता चिकचिक करतो.

कॉफीने फोटो धुता येतो हे खरं का?

खरं. त्याला कॅफेनॉल म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गाने ते करून पाहिलं आणि मग जगभर पसरलं. प्रचलित प्रमाण असं: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशांना पंधरा मिनिटं.

धुण्याचा सोडा म्हणजे कपड्यांचा, खाण्याचा नव्हे. सोड्याची जुनी ओलसर पुडी असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं आणि वजन फसवतं. कॉफी चिकोरी मिसळलेली नको, आणि महाग तर मुळीच नको. स्वस्त, कडक कॉफी इथे जास्त चांगलं काम करते. वास मात्र भयंकर येतो. ज्यांना कॉफी आवडते त्यांची ती आवड आठवडाभर तरी जाते. फिक्सर नेहमीचाच लागतो, त्याला स्वयंपाकघरात भरवशाचा पर्याय नाही.

पहिला प्रिंट काढताना उजेड किती वेळ द्यायचा?

अंदाजाने नाही, पट्टीने. कागदाची एक लांब पट्टी कापा. पुठ्ठ्याने झाकून थोडी थोडी उघडत जा आणि दर दोन सेकंदांना पुढे सरकवा. म्हणजे एकाच पट्टीवर दोन, चार, सहा, आठ सेकंदांचे टप्पे येतात. डेव्हलप करा, फिक्स करा आणि पांढऱ्या उजेडात बघा. लाल दिव्याखाली प्रिंट असतो त्याहून गडद दिसतो, त्यामुळे घाईने ट्रेमधून उचलायचा मोह होतो. उचलू नका. डेव्हलपरमध्ये त्याला ठरलेला पूर्ण वेळ द्या आणि चूक उजेडाच्या सेकंदांत दुरुस्त करा.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, नसेल तर पांढरा छोटा बल्ब मीटरभर वर टांगून स्विचने काम भागतं. फोनचा टॉर्च फार प्रखर असतो, कागद डोळ्याची पापणी लवते तोवर काळा होतो.

पिनहोल कॅमेरा कसा करायचा?

झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा घ्या, आतून काळा मॅट रंग द्या. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यात बारीक सुईच्या टोकाने भोक पाडा आणि मागची कड पॉलिश पेपरने घासून सपाट करा. डब्यात भोकापासून कागद दहा सेंटिमीटरवर असेल तर भोक साधारण ०.४ मिलिमीटर हवं. मोठं भोक धूसर चित्र देतं, आणि फार बारीक केलं तरी उजेड भोकाच्या कडेला वळून पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. बाहेरून काळ्या टेपची उघडता-लावता येणारी पट्टी हे शटर.

फिल्मऐवजी प्रिंटचाच कागद आत लावा, म्हणजे लाल दिव्यात भरता येतो. कागद फार संथ असतो. भर उन्हात पाऊण ते दीड मिनिट द्यावं लागतं. एवढ्या वेळात चालणारी माणसं चित्रातून गायब होतात. संध्याकाळच्या फुटाळा तलावावर डबा ठेवलात तर कठडा आणि झाडं येतील, गर्दी येणार नाही, वेळ मात्र कितीतरी जास्त लागेल. जोरात वारा असेल तर डब्यावर वीट ठेवा. आणि कोणी विचारलं 'यात काय आहे', तर डबा उघडून दाखवायचा नाही. पोलीसमामांनाही आधी शांतपणे समजवा, कॉलेजचं ओळखपत्र दाखवा.

मिळालेलं चित्र उलटं, म्हणजे निगेटिव्ह असतं. ते कोऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून वर काच ठेवा, उजेड द्या, पॉझिटिव्ह तयार.

डार्करूमशिवाय काही करता येतं का?

सायनोटाइप. हे नागपूरसाठीच बनलंय असं माझं पक्कं मत आहे. हर्शेलनेच १८४२ मध्ये शोधलेलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणं करायची, पहिलं २५ टक्के आणि दुसरं १० टक्के. वापरताना सारख्या भागात मिसळायची आणि मंद दिव्यात ब्रशने जाड कागदावर लावायची. वॉटरकलरचा कागद चांगला. अंधाऱ्या कपाटात वाळू द्या.

वर पान किंवा निगेटिव्ह, त्यावर काच, आणि गच्चीवर ठेवा. पिवळसर हिरवा लेप आधी निळसर होतो, मग राखाडी, मग कांस्यासारखा तपकिरी. त्या तपकिरीवर आला की उचला. एप्रिलच्या दुपारी पाच ते दहा मिनिटांत काम होतं. साध्या पाण्यात पिवळं पाणी निघेपर्यंत धुवा. निळा रंग पुढचा दिवसभर गडद होत जातो. साबण किंवा सोडा लावू नका, तो निळा खाऊन टाकतो. फेरिसायनाइड नावाला घाबरवतं पण नेमका वापर केला तर चालतं. ते तीव्र आम्लात कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. आणि गच्चीवर बाराच्या उन्हात उघड्या डोक्याने उभं राहू नका, कागदाला ऊन हवं आहे, तुम्हाला नाही.

अ‍ॅनिमेशनला एका सेकंदाला किती चित्रं लागतात?

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर बारा चित्रं पुरतात, आणि हाताच्या कामाला बारा भरपूर. आठवरही चालतं, जरा अडखळतं, कधी ते अडखळणंच छान दिसतं.

पहिला प्रयोग वहीच्या कोपऱ्यावर करा: पानोपानी चित्र काढा आणि पानं भरभर सोडा. फ्लिपबुकचं पेटंट १८६८ चं आहे, पण शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या कोणालाही ते नव्याने शिकवावं लागत नाही. शेवटच्या पानापासून पुढे काढत या, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि गिरवता येतं.

ए-फोर कागदावर काम करणार असाल तर ऑफिसचं साधं पंचिंग मशीन वापरा. त्याच्या दोन भोकांमध्ये आठ सेंटिमीटर अंतर असतं. पट्टीवर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवा की सगळे कागद एका जागी पक्के बसतात. खाली काच आणि काचेखाली एलईडी ट्यूब, झाला लाइटबॉक्स. चित्रकाराची हौस असलेल्यांनी पहिल्या चित्रात फार बारकावे भरू नयेत. ते बारकावे पुढच्या प्रत्येक चित्रात पुन्हा काढावे लागतात.

फोनवर शूट केलं तर चालेल का?

चालेल. फोन हलता कामा नये, हा एकच नियम. स्टँड नसेल तर स्टुलावर दोन जाड पुस्तकं आणि त्यांच्या मध्ये फोन. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फ्रेम वेगळी उजळ येते आणि चित्र लुकलुकतं. खिडकीच्या उजेडात काम करू नका, ढग सरकले की सगळं बिघडतं. पडदे ओढा, एकच दिवा लावा, आणि स्वतः प्रत्येक वेळी एकाच जागी उभे राहा. पांढरा सदरा घालून बसलात तर तुमच्या सदऱ्याचा उजेडही टेबलावर पडतो.

पहिल्या अ‍ॅनिमेशनसाठी विषय सुचव ना.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. घरात माळ्यावर कुठेतरी असतोच, चाकं असतात, पाय हलवायचे नसतात. यापेक्षा सोयीचा नट मिळणार नाही.

टेबलावर काळा कागद चिकटवा, कडेला पट्टीने खुणा करा. नंदी सुरुवातीला एक मिलिमीटर सरकवा, मग दोन, चार, सात, मग दहा, दहा, दहा, आणि थांबताना पुन्हा सात, चार, दोन, एक. सारख्या अंतराने सरकवलात तर तो सरकत्या पट्ट्यावर ठेवलेल्या डब्यासारखा जातो. या चढत्या-उतरत्या अंतरामुळे त्याला वजन येतं, लाकूड जड आहे हे डोळ्याला कळतं. थांबल्यावर दोन फ्रेम एक मिलिमीटर मागे घ्या, बैल खरंच थबकला असं वाटतं. चाकावर खडूचा एक ठिपका द्या, नाहीतर चाक फिरतंय हे कळत नाही. गळ्यातली घुंगरमाळ मात्र काढून ठेवा, तुमचा हात लागून ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी पडते आणि सगळं लक्ष खाते. माळ हवीच असेल तर मेणाने चिकटवा.

हे जमलं की पुढचा विषय आपल्या शहरात तयार उभा आहे: काळी आणि पिवळी मारबत. पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या, सांध्यांना पुश-पिन, हात वेगळे, डोळे वेगळे. बडग्यांची मिरवणूक कटआउटमध्ये फार छान होते, कारण ते मुळातच कागद-बांबूचे पुतळे असतात, त्यांचं हलणं ताठर असलं तरी कोणी तक्रार करत नाही.

भारतात हे आधी कोणी केलंय का?

दादासाहेब फाळक्यांनीच. १९१२ मध्ये भांडवल मिळवायचं म्हणून त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर रोप सरसर वर चढताना पाहिलं आणि पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे आगकाड्या सरकवूनही त्यांनी गंमत केली. म्हणजे मराठी माणसाने सिनेमा उभा केला तो स्टॉप मोशनच्या, म्हणजे एकेक फ्रेम टिपण्याच्या जोरावर. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि डिस्नेचे क्लेअर वीक्स इथल्या मुलांना शिकवायला आले. वाटाण्याचा प्रयोग मटकीवर करून बघा. मोड आलेली मटकी एका दिवसात बरंच अंतर कापते, अर्ध्या तासाला एक फ्रेम घेतली तरी पुरे.

फिल्मच्या पट्टीवर थेट चित्रं काढतात म्हणे?

हो, कॅमेऱ्याशिवाय. बंद पडलेल्या टॉकीजच्या ऑपरेटरकडे, भंगारवाल्याकडे ३५ मिलिमीटरचे तुकडे मिळतात. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एका सेकंदाला दीड फूट. प्रत्येक फ्रेमची जागा १९ मिलिमीटर उंच, चार भोकांमागे एक. काळी फिल्म सुईने खरवडा, किंवा पारदर्शक पट्टीवर मार्करने काढा. मग लाइटबॉक्सवर ठेवून फोनने एकेक फ्रेम टिपा.

एक इशारा. १९५० च्या सुमारापर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या असू शकतात आणि त्या अक्षरशः भडकतात, पाण्याखालीही विझत नाहीत. फार जुना, चिकट झालेला, पिवळट डबा मिळाला तर घरी आणू नका. नुसता व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेट आहे, कुजलेली पण तशी भडकणारी नाही.

दोन्ही एकत्र कसं करायचं?

खरी मजा इथे आहे. दोन रस्ते सांगते.

पहिला, फोटोग्रामचं अ‍ॅनिमेशन. आठ बाय दहा इंचाच्या कागदाचे सोळा तुकडे करा, दोन बाय अडीच इंचाचे. चार कागदांतून चौसष्ट फ्रेम निघतात, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त. पुठ्ठ्याचा काटकोन टेबलावर चिकटवा, प्रत्येक तुकडा त्याच कोपऱ्यात सरकवा. बांगडी थोडी थोडी सरकवत प्रत्येक तुकड्याला तेवढाच उजेड द्या. तुकड्याच्या मागे पेन्सिलने नंबर टाका, आधी, उजेड द्यायच्या आधी. ओले झाल्यावर चौसष्ट बांगड्या सारख्याच दिसतात. उजेडात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला की ती फ्रेम गडद येते आणि चालताना चित्र धडधडतं. ते धडधडणं मला आवडतं, सारखं करायच्या मागे मी लागत नाही.

दुसरा, उन्हाळ्यातला. फोनवर घेतलेल्या व्हिडिओच्या एका सेकंदाच्या बारा फ्रेम एका पानावर मांडा, त्यातलं काळं-पांढरं उलटं करा म्हणजे निगेटिव्ह होतील, आणि झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक ओएचपी शीटवर प्रिंट घ्या. त्या शीटखाली सायनोटाइप. एक कागद म्हणजे एक सेकंद. दुपारभरात गच्चीवर दहा सेकंद होतात. मग बारा-बारा चौकोन फोनने टिपून पुन्हा हलवा. ब्रशचे फटकारे, कागदाचा पोत, पाण्याचे ओघळ सगळे सोबत हलतात.

फोनवर एका फिल्टरमध्ये होतं ते. कशाला एवढा उपद्व्याप?

बाबा, तुम्हीच ना हा प्रश्न विचारलात? तुम्ही अंगणात भाजी का लावता, बाजारात तर मिळते.

खर्च किती?

फ्लिपबुक फुकट, सायनोटाइप बऱ्यापैकी स्वस्त, प्रिंटचा कागद महाग, फिल्मचा रोल सगळ्यात महाग, सध्या हजाराच्या आसपास. पूर्वी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' माल देशातच बनायचा. तो बंद झाला, आता सगळं बाहेरून येतं. जुन्या स्टुडिओत मुदत संपलेला इंदूचा कागद पडलेला असतो, विचारून बघा. राखाडी धुकं येतं त्यावर, पण फोटोग्रामला चालून जातं. एन्लार्जरही असाच एखाद्या स्टुडिओच्या माळ्यावर सापडतो. काकांशी दोन तास गप्पा मारायची तयारी ठेवा, त्या गप्पांत अर्धा अभ्यासक्रम असतो.

काकू विचारतात: हे पाणी गटारात गेल्यावर झाडं मरतील का?

काकू, वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर सोडता येतो, तोही थोडाच. हायपोत मात्र चांदी विरघळलेली असते, तो विहिरीजवळ, कुंडीत, बोअरच्या आसपास ओतायचा नाही. मी तो प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवते आणि त्यात भांडी घासायचं लोखंडी स्टीलवूल टाकून ठेवते. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. इतवारीच्या सराफ्यात नेऊन बांगड्या होतील एवढी काही नसते, उगाच आशा लावू नका. आणि रसायनांची भांडी, चमचे, मापं पुन्हा स्वयंपाकघरात जात नाहीत. त्यांच्यावर लाल फुली मारून ठेवा.

शिकायला कुठे जावं?

नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथून चित्राचा पाया पक्का होतो. अ‍ॅनिमेशनच पुढे करायचं असेल तर अहमदाबादचं एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि मुंबई आयआयटीचं आयडीसी (तिथला डिझाइन विभाग) ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते आणि काही अभ्यासक्रमांना स्वतः केलेलं काम दाखवावं लागतं. तेव्हा फ्लिपबुकं फेकू नका.

ताई, तुझ्याकडे येऊन बघता येईल का?

ये, पण रात्री आठनंतर. सकाळी त्याच डार्करूममध्ये घरातल्या पाच जणांच्या आंघोळी असतात. जुने कपडे घालून ये, हायपोचे डाग निघत नाहीत. फोन बाहेर ठेव. मनगटावरचं घड्याळही काढ, त्याच्या मागचा हिरवा दिवा कागदाला कळतो. आणि आत गेल्यावर कोणी दार वाजवलं तर 'आले' म्हण, कडीला हात लावू नकोस.